लेखकाला मत नका विचारू, ‘कशावरून’ विचारा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. नाशिकच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवता, अमेरिकेच्या इतिहासावर आणि राजकारणावर पुस्तकं लिहिणाऱ्यांशी ऑनलाइन बोलता आणि त्या गप्पा मराठी निवेदनासकट लोकांना ऐकवता. सात झाल्या. लेखक आधी वीस ठिकाणी सांगितलेलंच तुम्हालाही सांगतात. चालू राजकारण निघालं की रात्री नऊच्या चॅनेलसारखा तंटा होतो. सहाशे पानांचं पुस्तक दर वेळी अथपासून इतिपर्यंत वाचणं नोकरी सांभाळून जमत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की नाशिकच्या माणसाने हे सगळं का ऐकावं?

मी न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. गेली एकवीस वर्षं महिन्यातून एका संध्याकाळी लेखकाला बोलावून लोकांसमोर त्याच्याशी बोलते. हॉलमध्ये कधी दीडशे माणसं असतात, बर्फ पडला की अकरा. आमच्याकडे संध्याकाळी येणारा वाचक बहुतेक निवृत्त आणि अमेरिकेच्या यादवी युद्धाने झपाटलेला, त्यामुळे पुस्तकं मुख्यतः इतिहासाची, निवडणुकीच्या वर्षी राजकारणाची. माझी सगळी अक्कल या एका हॉलातली आहे, तेवढी ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

पुस्तकाचं आधी. हो, पूर्ण वाचावं लागतं. पहिल्याच वर्षी मी एका चरित्रकारासमोर प्रस्तावना, तीन प्रकरणं आणि प्रकाशकाने पाठवलेलं माहितीपत्रक एवढ्या भांडवलावर बसले. अर्ध्या तासाने मोठ्या आवेशात विचारलं, ‘मग या निर्णयावर त्यांच्या पत्नीचं काय म्हणणं होतं?’ लेखक क्षणभर थांबला आणि अगदी हळू म्हणाला, ‘ती चौथ्या प्रकरणात वारली.’ हॉल हसला. लेखकही हसला, पण त्यानंतर त्याने मला जे दिलं ते माहितीपत्रकातलंच. त्याचं काय चुकलं? वाचलेलं नाही हे लेखकाला दुसऱ्या प्रश्नाला कळतं, आणि मग तो तुम्हाला पाठ केलेलंच देतो. तुमची पहिली तक्रार अर्धी इथेच सुटते.

या धंद्यातला आदर्श कोण म्हणाल तर मी ब्रायन लॅम्बचं नाव घेईन. संसदेचं कामकाज जसंच्या तसं दाखवणारी सी-स्पॅन वाहिनी १९७९ साली सुरू झाली, तिचा हा संस्थापक. १९८९ ते २००४ तो दर रविवारी रात्री ‘बुकनोट्स’ करत असे. एक लेखक, एक पुस्तक, एक तास, मागे काळा पडदा, मध्ये जाहिरात नाही. एकूण ८०१ भाग झाले आणि एका लेखकाला एकदाच, कितीही मोठा असला तरी. प्रत्येक पुस्तक लॅम्ब स्वतः वाचून बसायचा. त्याच्या खुणा आणि टिपणं असलेल्या त्या प्रती आता व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात ठेवल्या आहेत. त्याचे प्रश्न ऐकाल तर आधी निराश व्हाल. ‘हे कुठे बसून लिहिलं?’ ‘अर्पणपत्रिकेतली ही बाई कोण?’ ‘मुखपृष्ठावरचा फोटो कुठला?’ शाळकरी प्रश्न वाटतात. पण अर्पणपत्रिकेतल्या बाईबद्दलचं उत्तर कुणाचंच पाठ नसतं. तिथे लेखकाचा आवाज बदलतो, आणि मुलाखत तिथून सुरू होते. आणखी एक. इतक्या वर्षांत हा गृहस्थ कोणत्या पक्षाला मत देतो याचा पत्ता त्याने प्रेक्षकाला लागू दिला नाही. राजकारणावरच्या गप्पा करणाऱ्याला याहून मोठं भांडवल नाही.

वाचायचं, पण पहिल्या पानापासूनच वाचलं पाहिजे असं नाही. मी आधी ऋणनिर्देश वाचते. कुणाच्या घराण्याने खासगी पत्रं उघडून दिली, कुणी पैसा दिला, कुणाच्या मुलाने दहा वेळा मुलाखत दिली, हे सगळं तिथे गोड शब्दांत लिहिलेलं असतं. ज्या घराण्याने कपाट उघडून दिलं त्याच्याबद्दल लेखक पुढे किती मऊ झालाय ते बघायची नजर तिथूनच येते. मग मागच्या टिपा. त्यात एखाद्या प्रकरणाला शंभर टिपा आणि पुढच्याला अकराच दिसल्या की मी पेन्सिलने खूण करते. त्या अकरावाल्या प्रकरणात लेखक एक तर अंदाजाने चाललाय, नाही तर एकाच माणसाच्या सांगण्यावर. त्यानंतर पुस्तक. तुम्हाला प्रकाशकाकडून कच्ची प्रत येत असेल तर तिच्यात सूची बहुधा नसते आणि टिपाही कधी अर्धवट असतात, तेव्हा पक्की प्रत मागा. सूचीवरून आठवलं. वॉशिंग्टनमध्ये राजकारणी लोक नवीन पुस्तक दुकानात उभ्या उभ्या मागून उघडतात, सूचीत आपलं नाव शोधतात, तेवढी पानं वाचतात आणि पुस्तक परत ठेवतात. याला तिथे ‘वॉशिंग्टन वाचन’च म्हणतात. तुम्ही तसं करू नका.

पुस्तक कोणत्या साली आलं तेही बघा. १९७८ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षाचे कागद जनतेच्या मालकीचे झाले. त्याआधी ते ज्याचे त्याचे असत. पण पायउतार झाल्यावर पहिली पाच वर्षं ते सामान्य माणसाला माहितीच्या कायद्याखाली मागता येत नाहीत आणि काही प्रकारचे कागद बारा वर्षांपर्यंत अडवून ठेवता येतात. म्हणजे एखाद्या अध्यक्षावर तो गेल्यानंतर दोन वर्षांत आलेलं जाडजूड पुस्तक मुख्यतः माणसांच्या तोंडी सांगण्यावर उभं असतं, आणि पंधरा वर्षांनी आलेलं कागदांवर. दोन्ही चांगली असू शकतात, पण दोघांना विचारायचे प्रश्न एक नव्हेत.

आता मुद्द्याचं. माझे वडील साताऱ्याला एका वकिलांकडे कारकून होते. पक्षकार ओसरीवर येऊन तास तास बोलत. वडील मान हलवत, आणि मग एकच शब्द टाकत, ‘कशावरून?’ माझ्या एकवीस वर्षांच्या प्रश्नांचा अर्क काढला तर तो एवढाच निघेल. तुम्ही लेखकांना विचारता, ‘जेफरसनबद्दल तुमचं मत काय?’, ‘अमेरिकेची लोकशाही धोक्यात आहे का?’ मत सगळ्यांकडे असतं आणि ते तयार असतं. लेखकाने पुस्तकासाठी सात वर्षं घालवली ती मत बनवायला नव्हे. कुठल्या तरी गावच्या कोर्टाच्या तळघरात खोकी उघडण्यात ती गेली. तिथलं विचारा.

फक्त इंग्रजीत सरळ ‘तुम्हाला हे कसं ठाऊक?’ असं विचारलंत तर उलटतपासणी वाटते आणि माणूस आखडतो. मी विचारते, ‘हा कागद पहिल्यांदा हातात आला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?’ प्रश्न तोच, पण याचं उत्तर गोष्टीसारखं येतं. खोकं कसं होतं, अक्षर कसं होतं, तिथल्या बाईने फोटो काढू दिले की नाही. आणि ओघात तो कागद किती भरवशाचा तेही येतं.

एक उदाहरण जरा सविस्तर देते, कारण मला त्याहून चांगलं माहीत नाही. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या घरी, मॉन्टिचेलोला, सॅली हेमिंग्ज नावाची गुलाम स्त्री होती. तिचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने म्हातारपणी, मार्च १८७३ मध्ये, ओहायोतल्या एका वर्तमानपत्राला स्वतःची हकिकत सांगितली आणि जेफरसन आपला बाप होता असं म्हटलं. जेफरसनच्या नातवंडांचं म्हणणं वेगळं. सॅलीची मुलं जेफरसनच्या भाच्यांची, म्हणजे कार भावांची, असं. पुढचं शतकभर नामांकित इतिहासकारांनी नातवंडांचं धरलं आणि मॅडिसनचं सोडलं. १९९७ साली अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्या मूळच्या वकील, कायदा शिकवणाऱ्या. त्यांनी नवीन कागद शोधला म्हणून ते गाजलं नाही. त्यांनी दोन्ही साक्षी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, की एका साक्षीदाराला तुम्ही जी कसोटी लावलीत तीच दुसऱ्याला का नाही? गोऱ्या नातवाचा हितसंबंध नव्हता का? गुलामाच्या मुलाला मात्र बढाईखोर का ठरवलंत? त्यात एक गंमत आहे. जेफरसन कोणत्या तारखेला कुठे होता याची बारीक नोंद काढली होती ती ड्यूमस मलोन या चरित्रकाराने, आणि त्यालाच ही गोष्ट मुळीच मान्य नव्हती. पण त्याच्याच तारखा लावून बघितलं तर सॅलीला दिवस राहिले त्या प्रत्येक वेळी जेफरसन मॉन्टिचेलोला होता. १९९८ मध्ये डीएनए चाचणी झाली. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन, त्याच्या वंशजाचा मेळ जेफरसन घराण्याच्या पुरुष शाखेशी बसला, कार भावांच्या शाखेशी नाही. चाचणीने घराणं सांगितलं, नेमका माणूस सांगितला नाही, हेही खरं. पण सगळा पुरावा एकत्र तोलून मॉन्टिचेलो सांभाळणाऱ्या संस्थेनेही २००० साली बाप जेफरसनच असण्याची शक्यता खूप मोठी आहे असं मान्य केलं.

या विषयावरच्या कुठल्याही लेखकाला ‘जेफरसन ढोंगी होता का?’ असं विचारलंत तर दहा मिनिटं वाया जातील. ‘दोन साक्षीदारांपैकी कुणाचं धरलंत आणि का?’ असं विचारा. हा प्रश्न नव्वद टक्के पुस्तकांना चालतो.

दुसरी गोष्ट गप्प बसण्याची. आपल्याला शांतता सोसत नाही. लेखक थांबला की आपण लगेच ‘वा, फारच छान’ म्हणून पुढचा प्रश्न टाकतो. रॉबर्ट कॅरो हे लिंडन जॉन्सन या अध्यक्षाचं चरित्र गेली जवळजवळ पन्नास वर्षं लिहिताहेत, चार खंड झाले. मुलाखत घेताना समोरचा बोलायचा थांबला की आपण मध्ये बोलू नये म्हणून ते वहीत स्वतःलाच ‘गप्प बस’ अशी दोन अक्षरी खूण करत राहतात. त्यांचीच आणखी एक हकिकत मी नवीन मुलामुलींना नेहमी सांगते. जॉन्सनचा धाकटा भाऊ सॅम ह्यूस्टन जॉन्सन आधी त्यांना नुसते फुगवलेले किस्से सांगायचा. काही काळाने, तो दारू सोडून निवळल्यावर, कॅरोंनी त्याला टेक्सासमधल्या त्या लहानपणच्या घरी नेलं. ते घर तेव्हा संग्रहालय झालेलं, पाहुणे निघून गेलेले. जेवणाच्या टेबलाशी त्याला त्याच्या लहानपणच्या जागेवर बसवलं आणि स्वतः त्याच्या पाठीमागे बसले, म्हणजे नजरेला फक्त ते टेबल. मग म्हणाले, वडील आणि लिंडन जेवताना भांडायचे ते सांगा. हळूहळू म्हातारा ओरडूनच दोघांची भांडणं म्हणू लागला. त्यानंतर जुने किस्से पुन्हा तपशिलात सांगा म्हटलं, तर सांगता येत नाहीत म्हणाला, कारण ते घडलेच नव्हते.

तुम्हाला लेखकाला टेक्सासला नेता येणार नाही. पण पुस्तकातलं एक पान उघडून ‘हा परिच्छेद वाचून दाखवा’ म्हणता येतं. स्वतःचं वाक्य मोठ्याने वाचताना लेखक अडखळतो, हसतो, ‘हे मी आज असं लिहिलं नसतं’ असंही म्हणून जातो. त्या वेळी तोंड उघडू नका. मनात दहापर्यंत मोजा. संपादनात ती शांतता कापू नका.

पाठ केलेल्या उत्तरांबद्दल एवढंच, की लेखकाचा दोष धरू नका. पुस्तक आलं की प्रचारविभाग त्याला पंधरा दिवसांत चाळीस ठिकाणी बसवतो. पाच-सहा किस्से घासून गुळगुळीत झालेले असतात. ते आधीच ऐकून ठेवा. मग तोच किस्सा तुम्हीच दोन वाक्यांत सांगून टाका आणि त्याच्या पुढचं विचारा. त्याचंही ओझं उतरतं. आणि शक्य असेल तर पुस्तक येताच मागे लागूच नका. सहा-आठ महिन्यांनी फोन थंड पडलेले असतात. तेव्हा नाशिकहून कुणी सगळं पुस्तक वाचून पत्र पाठवलंय म्हटल्यावर माणूस दीड तास देतो. साधी बांधणी, म्हणजे पेपरबॅक, साधारण वर्षाने निघते, तेव्हाही त्यांना बोलायचं असतं. नामांकितांच्या मागे धावण्यापेक्षा विद्यापीठांच्या प्रकाशनांचे लेखक गाठा. त्यांना कुणी विचारत नाही, आणि कागद त्यांनी जास्त बघितलेले असतात. प्रश्न आधी पाठवा म्हणून कुणी अडून बसलं तर मी विषय पाठवते, प्रश्न नाही. एकदा हट्टापायी प्रश्न पाठवले होते. त्या संध्याकाळी लेखकाने उत्तरं कागदावरून वाचली.

आता तंट्याचं. राजकारणावरच्या लेखकाशी बोलताना आपण ‘पण टीकाकार असं म्हणतात’ अशी सुरुवात करतो. हे सगळ्यात वाईट. टीकाकार म्हणजे कोण, आणि काय म्हणतात? नाव, तारीख आणि शब्द घेऊन जा, मग भांडण आपोआप छोटं आणि कामाचं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकाने ‘१६१९ प्रोजेक्ट’ काढला. व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी गुलाम उतरले त्याला चारशे वर्षं झाली म्हणून. निकोल हॅना-जोन्स यांच्या मुख्य लेखात असं होतं, की वसाहतींनी ब्रिटनपासून स्वातंत्र्य जाहीर करण्यामागचं एक प्रमुख कारण गुलामगिरी टिकवणं हे होतं. डिसेंबरात गॉर्डन वुड, जेम्स मॅकफर्सन, शॉन विलेंट्झ, व्हिक्टोरिया बायनम आणि जेम्स ओक्स या पाच इतिहासकारांनी हरकतीचं पत्र लिहिलं. संपादकांनी लांब उत्तर दिलं. आणि मार्च २०२० मध्ये त्या वाक्यात दुरुस्ती झाली. वसाहतवाल्यांपैकी ‘काहींच्या’ बाबतीत ते कारण होतं, अशी.

एक शब्द. ‘काही’. चॅनेलवर या प्रकरणाचं रूपांतर ‘देशभक्त विरुद्ध देशद्रोही’ असं झालं आणि ते अजून चालू आहे. पण त्या एका शब्दावर तास काढता येतो. काही म्हणजे किती? कोणत्या वसाहतीतले? गुलामाला इंग्लंडबाहेर जबरदस्तीने नेता येणार नाही असं ठरवणारा १७७२ चा लंडनमधला सॉमरसेट खटल्याचा निकाल अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी वाचला होता, हे कोणत्या पत्रावरून दिसतं? नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने बंडखोर मालकांचे गुलाम राजाच्या बाजूने लढले तर त्यांना मुक्ती जाहीर केली. त्यामुळे किती लोक बंडाकडे ढकलले गेले आणि किती आधीच गेलेले होते? मॅसॅच्युसेट्सची लढाई तर त्या एप्रिलमध्येच पेटली होती. यातला कुठलाही प्रश्न लेखकाला शिवी वाटत नाही, मग तो कोणत्याही बाजूचा असो. उलट आपल्याला कुणी गंभीरपणे घेतंय असं वाटून तो पुढे सरसावून बसतो. मी आणखी एक प्रश्न ठेवते, बहुधा शेवटच्या पंधरा मिनिटांत. ‘तुमच्या पुस्तकातली कोणती माहिती तुमच्याच बाजूच्या लोकांना आवडली नाही?’ ज्याच्याकडे याचं उत्तरच नसतं त्याच्या पुस्तकाची मी ग्रंथालयासाठी दुसरी प्रत घेत नाही. हा माझा आकस म्हणा.

सत्तेतल्या लोकांकडून ऐकून लिहिणारे पत्रकार हा वेगळा प्रकार. तिथे ‘कशावरून’चं उत्तर बरेचदा ‘सांगता येणार नाही’ असं असतं. निक्सन यांना अध्यक्षपद सोडावं लागलं त्या वॉटरगेट प्रकरणाच्या बातम्या देणारे पत्रकार बॉब वुडवर्ड यांच्या खबऱ्याचं नाव, मार्क फेल्ट, जगाला २००५ साली कळलं, म्हणजे तीस वर्षांवर. अशा लेखकाला नाव विचारू नका, व्यवहार विचारा. कोणत्या अटीवर बोलायला तयार झाला? तुम्ही त्याला काय दिलंत? वुडवर्डनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या अठरा मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. ७ फेब्रुवारी २०२० च्या संभाषणात ट्रम्प यांनी कोरोना कडक फ्लूपेक्षाही जीवघेणा असल्याचं सांगितलं. पुस्तक आलं सप्टेंबरात. मधले महिने ही गोष्ट पोटात का ठेवली, यावर बरीच टीका झाली. ट्रम्प सांगतात ते खरं की नाही हे पडताळायला वेळ हवा होता, असं वुडवर्ड यांचं म्हणणं. मला विचाराल तर यात ट्रम्पपेक्षा पुस्तकाचा धंदा जास्त दिसतो. बातमी आज द्यायची की बांधून ठेवून पुस्तकात द्यायची, हा प्रश्न राजकीय पत्रकारितेच्या प्रत्येक लेखकाला लागू आहे, आणि फारच थोडे जण विचारतात.

अधिकृत चरित्रकार मिळाला तर एवढं आठवा, की सगळे दरवाजे उघडे असणं पुरत नाही. एडमंड मॉरिस यांना अध्यक्ष रेगन यांच्या जवळ जायची अशी मुभा होती जी क्वचितच कुणाला मिळते. चौदा वर्षं काम केलं आणि १९९९ मध्ये पुस्तक आलं, त्यात त्यांनी रेगनना तरुणपणापासून पाहणारा एक निवेदक चक्क कल्पनेने घुसवला होता. माणूस हाती लागेना म्हणून. दरवाजे उघडून आत कुणी सापडलंच नाही, तर लेखकाने काय करावं? मला हे विचारायचं होतं, त्यांच्याशी बोलायचा योग आला नाही.

नाशिकच्या माणसाने का ऐकावं, याचं उत्तर ओढूनताणून देऊ नका. प्रत्येक गोष्टीला ‘आपल्याकडेही असंच’ जोडलं की ऐकणारा कंटाळतो, आणि ते बहुतेक वेळा खोटंही असतं. पण खरे दुवे आहेत आणि ते कागदावर आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला आल्या, अडीच-तीन वर्षं हिंडल्या, आणि १८८९ मध्ये ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे मराठीत लिहिलं. अमेरिकेची राज्यव्यवस्था, शाळा, बायकांच्या संस्था, सगळं आहे त्यात. म्हणजे तुम्ही करताय ते मराठीत सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एका बाईने एकटीने केलेलं आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले हे सगळे सांगतात, पण १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागायला, ते कमी जणांना ठाऊक असतं. ते पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहे आणि घरबसल्या बघता येतं. आणि १९७१ चं युद्ध. निक्सन यांच्या कार्यालयात त्याच वर्षी फेब्रुवारीत गुप्त ध्वनिमुद्रण सुरू झालं होतं, त्यामुळे ढाक्यातला अमेरिकेचा वाणिज्यदूत आर्चर ब्लड आपल्याच सरकारविरुद्ध तारा पाठवत असताना निक्सन आणि किसिंजर काय बोलत होते ते आज ऐकू येतं. गॅरी बास यांचं २०१३ चं पुस्तक त्यावरच उभं आहे. मराठी माणूस हे कान देऊन ऐकेल, त्याला मुद्दाम काही जोडावं लागणार नाही.

निवेदन करताना शब्द मात्र सांभाळा. ‘काँग्रेसने कायदा केला’ म्हटलं की आपल्याकडे हाताचा पंजा दिसतो. एकदा तरी ‘अमेरिकेची संसद, तिला तिथे काँग्रेस म्हणतात’ असं सांगा. ‘रिपब्लिकन’ म्हटलं की महाराष्ट्रात निळा झेंडा आठवतो. त्यातही लिंकनचा रिपब्लिकन पक्ष गुलामगिरीच्या विरुद्ध आणि दक्षिणेतले डेमोक्रॅट तिच्या बाजूचे, आज पक्षांचे पाठीराखे उलटसुलट झालेत, हे न सांगता १८६० ची गोष्ट सुरू केलीत तर ऐकणारा तासभर चुकीच्या बाजूने विचार करत बसेल. ‘इलेक्टोरल कॉलेज’ला कॉलेज म्हणू नका. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या ५३८ प्रतिनिधींचं मंडळ, २७० ला बहुमत, संपलं. लेखकाच्या सगळ्या इंग्रजीवर मराठी आवाज चढवू नका. अर्धा मिनिट त्याचा आवाज मोकळा ठेवा, मग आशय तुमच्या शब्दांत सांगा.

तुमची पुढची मुलाखत यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या, म्हणजे गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतली राज्यं पुन्हा जोडून घेण्याच्या, काळावर लिहिणाऱ्या प्राध्यापकांशी आहे म्हणालात. ती मला स्वतःला घ्यायला आवडली असती. मॅडिसन हेमिंग्जची हकिकत छापून आली ती १३ मार्च १८७३ ला. बरोबर एका महिन्याने, १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी कोर्टाची इमारत धरून बसलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने हल्ला केला. किती मेले यावर आजही एकमत नाही, साठापासून दीडशेपर्यंत आकडे आहेत. शरण आलेल्यांनाही मारलं. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरलेल्यांनाही सोडलं, आणि १८७७ ला पुनर्रचना आटोपली. आणि याच १८७३ मध्ये पुण्यात बसून फुले अमेरिकेतल्या सज्जनांना पुस्तक अर्पण करत होते. हे त्या प्राध्यापकांना सांगा आणि विचारा, पुण्यातल्या त्या माणसाला त्या वर्षीची कुठली अमेरिका दिसत होती, आणि कोलफॅक्समध्ये किती मेले हे तुम्ही कोणत्या कागदावरून ठरवलंत? हा प्रश्न त्यांना याआधी कुणी विचारलेला नसणार, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागेल. लागू द्या.

ध्वनिमुद्रण त्यांच्या बाजूलाही त्यांच्या फोनवर चालू ठेवायला सांगा, नेट गेलं तरी आवाज वाचतो. आणि तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारची आहे, तर घड्याळ बघा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. तोपर्यंत न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे तुमचे संध्याकाळचे साडेसहा, त्यानंतर साडेसात. माझ्या एका लेखकाला मी याच चुकीने पाऊण तास रिकाम्या पडद्यासमोर बसवलं होतं, आणि तो नंतर जेमतेम वीस मिनिटं बोलला.